बायबल-वाङ्मयातील वेस आणि आडभिंत : मराठी परंपरेच्या संदर्भात एक विचार

(१)

नागपूरच्या महाल भागात आज गांधी दरवाजा म्हणून ओळखली जाणारी जी वास्तू उभी आहे, तिचे जुने नाव जुम्मा दरवाजा. बख्तबुलंद याने वसविलेल्या या गावास त्याच्या मागून आलेल्या चांदसुलतानाने तट घातला व तलाव बांधला. त्या तटाच्या ज्या थोड्या खुणा उरल्या, त्यांत हा दरवाजा प्रमुख होय. डिसेंबर १८१७ मध्ये, सीताबर्डीच्या लढाईनंतर, इंग्रजी सैन्याने याच दरवाजाच्या बाजूने शहरात शिरण्याचा प्रयत्न केला, आणि आतल्या अरब शिबंदीने तो हल्ला परतवून लावला. पुढे वाटाघाटी होऊन शहर इंग्रजांच्या हाती गेले. तट कालांतराने नाहीसा झाला. दरवाजा मात्र राहिला. भिंत नसलेल्या दरवाजातून आज माणसे, वाहने, गुरे सारखीच ये-जा करतात. आत कोणते आणि बाहेर कोणते, हे सांगण्याची त्याची शक्ती संपली आहे.

दरवाजाला अर्थ येतो तो भिंतीमुळे, आणि भिंतीला अर्थ येतो तो तिच्या बाहेर कोणीतरी उभे असल्यामुळे. हा विचार बायबल-वाङ्मयात आरंभापासून अखेरपर्यंत आढळतो. एदेन बागेच्या पूर्वेस ठेवलेले करूब व फिरती ज्वालामय तलवार यांपासून तो आरंभ होतो. ज्या नगराच्या वेशी कधीच बंद होत नाहीत त्या नव्या यरुशलेमेच्या दर्शनात तो संपतो. या दोन टोकांमधील वेस, द्वार, कूस, आडभिंत यांच्या प्रतीकांवर पाश्चात्त्य अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. तथापि हे वाङ्मय मराठीत आले, मराठी बोलणाऱ्या यहुदी व ख्रिस्ती समाजांच्या आचारात उतरले, तेव्हा या प्रतीकांचे काय झाले, याचा विचार फारसा झालेला दिसत नाही. प्रस्तुत लेखात तो अल्प प्रमाणात करावयाचा आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, बायबलमधील वेशीचा अर्थ तिच्या बाहेर कोण उभा आहे यावरून ठरतो. आणि मराठी भाषांतरकारांनी योजलेल्या ‘वेस’ या एका शब्दामुळे हा अर्थ मराठी वाचकास मुळाच्या फार जवळून जाणवतो.

(२)

प्रथम शब्दांचा विचार करू. हिब्रू भाषेत या कल्पनेसाठी निरनिराळे शब्द आहेत. ‘शाअर’ म्हणजे नगराची वा मंदिराच्या आवाराची वेस. ‘देलेत’ म्हणजे दाराचे कवाड. ‘पेतह’ म्हणजे आत शिरण्याची मोकळी जागा. इंग्रजी भाषांतरात हे भेद पुष्कळदा मिसळतात. मराठीची स्थिती याहून समृद्ध आहे. प्रचलित मराठी पवित्र शास्त्र पाहिले असता असे दिसते की, नगराच्या वा राजपुरीच्या संदर्भात तेथे बहुधा ‘वेस’ हा शब्द येतो. मेंढवाड्याच्या दृष्टान्तात साधे ‘दार’ येते. डोंगरावरील प्रवचनातील अरुंद प्रवेशाला ‘दरवाजा’ म्हटले आहे. आणि अधोलोकासारख्या अदृश्य स्थानाचा उल्लेख आला की भाषा ‘द्वार’ हा संस्कृत शब्द घेते. एकाच मूळ कल्पनेचे चार स्तर मराठीने असे वेगळे ठेवले आहेत.

यांतील ‘वेस’ हा शब्द विशेष महत्त्वाचा. मोल्सवर्थच्या कोशातही तो गावाच्या वा नगराच्या दरवाजासाठीच दिला आहे. परंतु ज्याने गाव पाहिले आहे त्याला हा अर्थ अपुरा वाटेल. वेस म्हणजे नुसती कमान नव्हे. तिच्याजवळ मारुती असतो, पार असतो, बसावयाचे ओटे असतात. आल्यागेल्याची चौकशी तेथे होते. गावात यावयाचा नवरदेव सीमेवर पूजा घेऊन मगच आत येतो. आणि विदर्भातील पोळ्याला गावच्या तोंडाशी तोरण बांधून त्याखाली बैल उभे करतात. एखाद्याची अब्रू जायची तर ती वेशीवर टांगली जाते, घरात नव्हे. याचा अर्थ असा की, वेस हे गावाच्या सामूहिक जीवनाचे उघडे सभागृहच होय.

हिब्रू ‘शाअर’चे स्वरूप नेमके असेच होते. रूथच्या आख्यानात बवाज वेशीत जाऊन बसतो, जाणाऱ्या आप्ताला थांबवितो, गावातील दहा वडीलधाऱ्यांना बसवून घेतो, आणि एका परदेशी विधवेच्या भवितव्याचा व एका शेताच्या मालकीचा निर्णय तेथेच लागतो. अबशालोम बापाविरुद्ध बंड करू पाहतो तेव्हा तो सैन्य जमविण्यापूर्वी वेशीच्या वाटेवर उभा राहून न्याय मागावयास आलेल्यांची मने वळवितो. आमोस संदेष्ट्याची मागणी तर अशी की, वेशीत न्याय प्रस्थापित व्हावा. कारण गरिबाला जेथे बाजूस ढकलले जाते ती जागाही वेसच आहे. उत्खननांनीही या वर्णनास दुजोरा दिला आहे. हासोर, मगिद्दो व गेजेर येथील वेशींत दोन्ही बाजूंस तीन तीन, अशा सहा कोठड्या सापडल्या. तेल दान येथे १९६६ पासून झालेल्या उत्खननात वेशीजवळ दगडी बाक व एका छत्रयुक्त आसनाची बैठक आढळली. वेशीत वडील मंडळी बसत होती, हे केवळ काव्य नव्हते. त्यांची बसण्याची जागा आज दाखविता येते.

तेव्हा मराठी भाषांतरकारांनी ‘शाअर’साठी ‘वेस’ योजली, ती केवळ शब्दकोशातील जोड नव्हती. मराठीत बायबल आणण्याचा पहिला मोठा छापील उद्योग श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांच्या देखरेखीखाली झाला. १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले गेले. या कामी केरी यांचे मुख्य मराठी पंडित वैजनाथ हे नागपूरचे म्हणून ओळखले जातात. राघोजी भोसल्याची वंशावळीही त्याच छापखान्यातून निघाली, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे मुंबईस १८१३ मध्ये आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी व त्यांच्या मराठी साहाय्यकांनी भाषांतराचे काम नव्याने हाती घेतले, आणि पिढ्यान् पिढ्या ते सुधारले गेले. या साऱ्या प्रवाहात नावाने ज्ञात असलेले मिशनरी थोडे आणि अज्ञात राहिलेले मराठी पंडित पुष्कळ. ‘वेस’, ‘आडभिंत’, ‘कूस’ हे शब्द परक्याच्या कानाला सुचणारे नव्हेत. ते गावात वाढलेल्या माणसाचे शब्द होत.

(३)

परंतु मराठी वेशीला आणखी एक बाजू आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून हा विचार पुरा होणार नाही. गावगाड्यात वेशीची राखण करणारा जो वेसकर, ज्याला पुष्कळ ठिकाणी येसकर म्हणतात, तो बहुधा महार असे. रात्री वेस लावणे, पहाटे उघडणे, परक्या माणसाची वर्दी देणे, गावाच्या हद्दीची माहिती ठेवणे ही त्याची कामे. गावाची हद्द कोठे संपते याविषयी वाद पडला तर साक्ष महाराची. आणि तरी ज्या वेशीची तो राखण करी, तिच्या आत त्याचे घर नसे. महारवाडा गावकुसाबाहेर असे. गावाचे दार ज्याच्या हाती, तोच गावाबाहेर, असा हा विरोध आहे.

बायबलमधील द्वारपालांशी याची तुलना केली असता फरक ठळकपणे दिसतो. यरुशलेमेच्या मंदिराचे द्वारपाल हे लेवी वंशातील होते. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात त्यांच्या कुळांच्या याद्या आहेत, कोणत्या दिशेच्या वेशीवर कोणाची नेमणूक झाली याची चिठ्ठ्या टाकून केलेली वाटणी आहे. कोरहाच्या वंशजांकडे हे काम असे, आणि त्यांच्याच नावाने असलेल्या एका स्तोत्रात दुष्टांच्या तंबूत राहण्यापेक्षा देवाच्या घराच्या उंबऱ्याशी उभे राहणे अधिक बरे, असा भाव आला आहे. तेथे द्वारपालपण हे मानाचे, वंशपरंपरागत व पवित्र कर्म होते. येथे तेच काम वंशपरंपरागत राहिले, पण त्याचा मान हिरावला गेला. एकाच प्रकारच्या कामाला दोन समाजांनी दोन विरुद्ध स्थाने दिली. यावरून असे म्हणावयास हरकत नाही की, उच्चनीचता दार राखण्याच्या कामात नसते. दाराची रेषा कोणी आखली यात ती असते.

बायबलच्या जुन्या करारातही वेशीबाहेरची माणसे आहेत. लेवीय नियमाप्रमाणे महारोग्याने छावणीबाहेर एकटे राहावयाचे असे. मिर्यामेला हा रोग झाला तेव्हा तिलाही सात दिवस बाहेर ठेवले. मात्र ती परत येईपर्यंत लोकांनी मुक्काम हलविला नाही, हे त्या आख्यानातील लक्षणीय वाक्य आहे. याहून बोलकी कथा शोमरोनच्या वेढ्याची. नगरात दुष्काळ पडला आहे, वेस बंद आहे, आणि वेशीच्या तोंडाशी चार महारोगी बसले आहेत. आत गेलो तरी मरण, येथे बसलो तरी मरण, असा विचार करून ते शत्रूच्या छावणीकडे जातात आणि ती ओस पडलेली पाहतात. नगर वाचल्याची वार्ता आतल्या राजाला बाहेरच्या रोग्यांकडून कळते. ज्यांना आत घेणे निषिद्ध, त्यांच्याच तोंडून आतल्यांची सुटका व्हावी, ही योजना या वाङ्मयात आकस्मिक नाही. ती पुढे वारंवार येते.

(४)

आता कोकणाकडे वळू. कारण बायबलमधील दाराच्या प्रतीकाचे मराठी भाषेतील सर्वांत जुने जिवंत रूप ख्रिस्ती भाषांतरांत नसून कोकणातील बेने इस्राएल समाजाच्या सणांत आढळते. अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला समाज वाढला, अशी या लोकांची परंपरा सांगते. गावावरून ‘कर’ लावलेली आडनावे, तेल गाळण्याचा धंदा, शनिवारी घाणा बंद ठेवण्यामुळे मिळालेले ‘शनवार तेली’ हे नाव, आणि घरातील मराठी भाषा ही त्यांची ओळख. बाहेरच्या यहुदी जगाशी दीर्घ काळ संपर्क नसताना त्यांनी आपले सण मराठी नावांनी पाळले : नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण.

यांतच ‘दारफळणीचा सण’ येतो. हा म्हणजे हिब्रू पंचांगातील योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा महादिवस. नावाचा अर्थ दारे लावून घेण्याचा सण. या दिवशी उपवास करावा, शुभ्र वस्त्रे नेसावी, दार लावून घरात राहावे, आणि अन्य लोकांशी संपर्क टाळावा, असा आचार होता. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाच्या इतिहासात या सणांची नोंद करून ठेवली. तो ग्रंथ १८९७ च्या सुमारास लिहून पूर्ण झाला व १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला.

या नावाकडे अभ्यासकाने थांबून पाहिले पाहिजे. यहुदी उपासनेत योम किप्पूरच्या अखेरच्या प्रार्थनेस ‘नेइला’ म्हणतात. नेइला म्हणजे बंद करणे. मिश्नात याचा उल्लेख वेशी बंद होण्याची वेळ असा आला आहे. या वेशी मंदिराच्या की स्वर्गाच्या, याविषयी प्राचीन आचार्यांतच दोन मते होती. दिवस मावळताना द्वार मिटत आहे, त्यापूर्वी शेवटची विनवणी ऐकली जावी, ही त्या प्रार्थनेची भावना. मग कोकणातील दारफळणी ही या नेइलेची स्मृती काय? तसे निश्चित म्हणण्यास आधार नाही. घराची दारे लावण्याचा आचार शुद्धतेच्या कल्पनेतून स्वतंत्रपणे आला असणे शक्य आहे, आणि सोवळे-ओवळे पाळणाऱ्या शेजारात तो सहज रुजला असेल. परंतु एवढे निश्चित की, ज्या दिवशी यरुशलेमेची परंपरा आकाशातील दार मिटण्याची कल्पना करीत होती, त्याच दिवशी कोकणातील तेल्याच्या घरात खरेखुरे दार मिटत होते. एका ठिकाणी प्रतीक राहिले, दुसऱ्या ठिकाणी आचार राहिला.

मिटलेल्या दाराबरोबर उघड्या दाराचीही नोंद केली पाहिजे. मुंबईतील बेने इस्राएलांचे पहिले सभास्थान १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधविले. इंग्रजी सैन्यातील हे अधिकारी टिपूच्या कैदेत सापडले होते. तेथून सुटका झाल्यास सभास्थान बांधीन, असा त्यांचा संकल्प असल्याची कथा समाजात रूढ आहे. त्या वास्तूचे नाव ‘शाअर हारहमीम’, म्हणजे दयेची वेस. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभ्या राहिलेल्या दुसऱ्या सभास्थानाच्या ‘शाअरे रासोन’ या नावातही ‘शाअर’ आहेच. त्याचा अर्थ प्रसन्नतेच्या वेशी. कैदेचे दार ज्याने पाहिले त्याने देवाच्या घराला दयेची वेस हे नाव द्यावे, यात कथा आणि नाव यांचा मेळ उत्तम बसतो.

(५)

नव्या करारात या प्रतीकाला निर्णायक वळण मिळते, आणि त्यामागे एक प्रत्यक्ष भिंत आहे. हेरोदाने वाढविलेल्या यरुशलेमेच्या मंदिरात बाहेरच्या प्रशस्त आवारात कोणीही येऊ शकत असे. त्याच्या आत मात्र एक दगडी कठडा होता. योसेफ या यहुदी इतिहासकाराने त्याची उंची तीन हात सांगितली असून, परकीयांनी या मर्यादेच्या आत येऊ नये असे शिलालेख त्यावर ठिकठिकाणी लावले होते, असे लिहिले आहे. १८७१ मध्ये क्लेर्माँ-गानो या फ्रेंच संशोधकास यांपैकी एक ग्रीक शिलालेख अखंड सापडला. १९३५ मध्ये दुसऱ्याचा तुकडा मिळाला. आत येणारा आपल्या मृत्यूस स्वतःच जबाबदार राहील, असा त्यांचा आशय आहे. प्रेषितांच्या कृत्यांत पौलाला अटक झाली ती याच मुद्द्यावर : इफिस येथील त्रफिम नावाच्या ग्रीक माणसास त्याने कठड्याच्या आत नेले, असा त्याच्यावर आळ होता.

इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात दोन समाजांमधील जी मधली भिंत ख्रिस्ताने पाडली असे म्हटले आहे, ती लिहिताना लेखकाच्या डोळ्यांसमोर हा कठडा असावा, असे अनेक भाष्यकार मानतात. मराठीत या भिंतीस ‘आडभिंत’ म्हटले आहे. हा शब्द विचार करण्याजोगा आहे. आडभिंत ही घराची मुख्य भिंत नव्हे; तिच्यावर छप्पर नसते. एकाच घराचे दोन भाग करण्यासाठी, पुष्कळदा भावाभावांच्या वाटणीनंतर, ती घालतात. ती पाडली म्हणून घर कोसळत नाही, उलट ते मूळचे एक होते हे दिसू लागते. पत्रातील युक्तिवाद तोच आहे.

आडभिंतीचा हा विचार महाराष्ट्राच्या वाचकास परका वाटण्याचे कारण नाही. चोखामेळा यांचे सारे जीवन एका दाराशी बांधलेले आहे. पंढरपुरात त्यांना देवळात प्रवेश नव्हता. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून शके १२६० मध्ये, म्हणजे १३३८ मध्ये, इतर मजुरांबरोबर त्यांचा अंत झाला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून विठ्ठलाच्या महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. ज्या कुसाच्या आत त्यांना घर मिळाले नसते, ते कूस बांधताना त्यांचा मृत्यू झाला. आणि ज्या दारातून त्यांना आत जाता आले नाही, त्या दाराशी त्यांना कायमची जागा मिळाली. लूकच्या शुभवर्तमानातील लाजर श्रीमंताच्या दाराशी पडून असतो आणि मृत्यूनंतर स्थाने उलटी होतात, त्या दृष्टान्ताची येथे आठवण होते. दोहोंत भेदही आहे. लाजराच्या कथेत शेवटी मध्ये एक अलंघ्य दरी राहते. चोखोबांच्या समाधीला मात्र पंढरीस आलेला प्रत्येक वारकरी आत जाण्यापूर्वी सामोरा जातो.

दार उघडण्याचा लढा विसाव्या शतकातही करावा लागला. अमरावतीच्या अंबादेवी मंदिराचा प्रश्न १९२७ मध्ये उभा राहिला. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, तेव्हा मंदिराची दारे बंद करून घेण्यात आली. पंढरपूरसाठी साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले. पहिल्या शतकातील यरुशलेमेचा कठडा आणि ही दारे यांत इतिहास वेगळा, कारणे वेगळी. तथापि आत असणाऱ्यांची पवित्रता बाहेरच्याच्या पावलाने भंगते, ही समजूत दोन्हीकडे एकच होती.

याच पार्श्वभूमीवर इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचे तेरावे प्रकरण मराठीत वाचले पाहिजे. प्रायश्चित्ताच्या बलीची शरीरे छावणीबाहेर जाळली जात, तसे येशूनेही वेशीबाहेर दुःख सोसले, आणि म्हणून आपणही बाहेर त्याच्याकडे जावे, असा त्या लेखकाचा विचार. मूळ ग्रीक शब्द ‘पुले’, म्हणजे नगराचा दरवाजा. इंग्रजी वाचकाला यात यरुशलेमेच्या तटाबाहेरील वधस्थानाचा भौगोलिक निर्देश मुख्यतः दिसतो. मराठीत ‘वेशीबाहेर’ हा शब्द आला की प्रथम भूगोल आठवत नाही. गावकुसाबाहेरची वस्ती आठवते. भाषांतरकारांनी हा परिणाम हेतुपुरस्सर साधला असे म्हणण्याचे कारण नाही. नगराच्या दरवाजाला त्यांच्यापाशी हाच शब्द होता. परंतु शब्दाने आपले काम केले. ज्या समाजात वेशीबाहेर असणे हा जन्मसिद्ध कलंक मानला गेला, त्या समाजाच्या भाषेत तारणारा वेशीबाहेर गेला असे वाक्य उतरले. आणि वाक्याचा रोख असा की, बाहेरच्यांनी आत येण्याची परवानगी मागावी असे नव्हे, तर आतल्यांनी बाहेर जावे.

(६)

अरुंद दरवाजाचे प्रतीक याहून वेगळ्या जातीचे आहे. मत्तयाच्या सातव्या अध्यायातील या वचनात नगराची वेस नाही, एकट्या माणसाची वाट आहे. पूर्वी काही प्रवचनकार असे सांगत की, यरुशलेमेच्या मोठ्या वेशीत ‘सुईचे नाक’ नावाचे छोटे दार होते आणि उंटाला त्यातून ओझे उतरवून गुडघ्यांवर जावे लागे. या समजुतीस पुरातत्त्वाचा किंवा प्राचीन ग्रंथांचा आधार नाही. परंतु ती का पटत असेल हे मराठी वाचकास सांगावयास नको. आपल्या किल्ल्यांच्या व वाड्यांच्या महाद्वारात असे छोटे दार असते. त्यास दिंडी म्हणतात. महाद्वार मिटले की रात्री येणाऱ्याला वाकून, एकेकट्याने, दिंडीतून आत जावे लागते. घोड्यावरून वा पालखीतून तेथे जाता येत नाही.

या अरुंद दरवाजाचा नागपूरशी आलेला एक संबंध वाङ्मयेतिहासात प्रसिद्ध आहे. नारायण वामन टिळक हे नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने काही काळ संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते. १८९३ मध्ये नागपुराहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. तो वाचताना डोंगरावरील प्रवचनाने आपल्या मनाचा ठाव घेतला, असे टिळकांनी पुढे सांगितले आहे. अरुंद दरवाजाचे वचन याच प्रवचनाच्या अखेरच्या भागात येते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर घराचे दार त्यांना मिटले. पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षे दूर राहिल्या. पुढे जातिभेद हा देवाने नव्हे, माणसाने केला आहे असा विचार त्यांनी स्वतःच्या मनाशी केला, मग कोणाच्याही हातचे पाणी घेतले, आणि १९०० मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याच्या ध्यानात येते की, त्यांच्या दृष्टीने ओलांडण्यास कठीण अशी सीमा धर्मसिद्धान्ताची नव्हती. स्वयंपाकघराच्या उंबरठ्याची व पाण्याच्या घागरीची होती. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मृत्यूनंतर पुढे नेऊन बहुतांशी पुरे केले ते याच बाईंनी. अरुंद दरवाजा पतीने आगगाडीत वाचला. पत्नीने तो चुलीपाशी ओलांडला.

योहानाच्या शुभवर्तमानातील मेंढवाड्याच्या दाराचा उल्लेखही येथे केला पाहिजे. तेथे येशू स्वतःस दार म्हणवितो. दाराचे काम अडविणे एवढेच असते तर या रूपकास गोडी आली नसती. त्या दारातून जाणारा आत येईल, बाहेर जाईल आणि त्याला चारा मिळेल, असा पुढील भाग आहे. आत येणे व बाहेर जाणे या दोन्ही गोष्टी एकाच दमात आल्या आहेत. रक्षण आणि मोकळीक यांचा मेळ घालणारे दार, हा बायबलमधील दाराच्या प्रतीकाचा सर्वांत परिपक्व अर्थ होय.

(७)

उपसंहार करताना दोन दर्शनांची तुलना उपयोगी पडेल. बाबेलच्या बंदिवासानंतर नहेम्या यरुशलेमेस आला तेव्हा त्याने प्रथम रात्री थोड्या माणसांसह फिरून जळालेल्या वेशी पाहिल्या, आणि मग कोणत्या कुळाने कोणती वेस बांधावी हे ठरवून दिले. पुढे शब्बाथाच्या आदल्या संध्याकाळी अंधार पडू लागला की त्या वेशी बंद करण्याचा हुकूमही त्याने दिला. उद्ध्वस्त झालेल्या, हास्यास्पद ठरलेल्या लोकांना पुन्हा लोक म्हणून उभे राहावयाचे तर वेस हवी, तट हवा. नहेम्याची ही गरज खरी होती, आणि तिला केवळ संकुचितपणा म्हणणे अन्यायाचे होईल. कोकणातील बेने इस्राएलांनी दारफळणीच्या दिवशी दारे लावून आपली ओळख टिकविली, तीही याच न्यायाने. दुर्बलाचे मिटलेले दार आणि प्रबळाचे मिटलेले दार यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला प्रकटीकरणाचे एकविसावे प्रकरण आहे. तेथील नगराला उंच तट आहे, चार दिशांना तीन तीन अशा बारा वेशी आहेत; पण त्या दिवसा कधीच बंद होत नाहीत, आणि तेथे रात्र नाही. यशयाच्या साठाव्या अध्यायातील कल्पनाच येथे पुढे नेली आहे. तट का ठेवला, असा प्रश्न पडतो. वेशी नेहमीच उघड्या, तर तटाचे प्रयोजन काय? याचे उत्तर असे देता येईल की, नगर हे नगर आहे, त्याला रूप आहे, आत येणाऱ्याला आपण कोठे आलो हे कळावयास हवे. सीमा राहिली, तिचा उपयोग बदलला. एदेनच्या पूर्वेस अडविण्यासाठी पहारा होता. येथे वेशींवर देवदूत आहेत, पण दार उघडे आहे.

मराठी भूमीत या प्रश्नाला आणखी एक उत्तर मिळाले, आणि ते नागपुरातच मिळाले. दीर्घ काळ दाराशी उभे राहून, दारे उघडण्यासाठी सत्याग्रह करून, अखेर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. या घटनेचा अर्थ तिच्या स्वतःच्या परंपरेत शोधावयाचा आहे. बायबलच्या प्रतीकांनी तो मोजणे योग्य नव्हे. वेशीच्या इतिहासाचा अभ्यासक मात्र एवढे नोंदवू शकतो की, दार उघडावे म्हणून दाराशी उभे राहणे हा एकच मार्ग बाहेरच्या माणसापुढे नसतो. तो पाठ फिरवून निघून जाऊ शकतो, आणि तसे झाले म्हणजे वेशीच्या आत राहिलेल्यांना आपली वेस प्रथमच बाहेरून पाहावी लागते.

बायबलमधील वेस प्रथम न्यायाची जागा आहे, आणि मग प्रवेशाची. बवाजाने रूथेचा प्रश्न वेशीत सोडविला तेव्हा ती मवाबी, परकी, निराधार स्त्री होती. पुढे दाविदाच्या वंशावळीत तिचे नाव आले. जुम्मा दरवाजाखालून जाणाऱ्यास आज कोणी थांबवीत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंची भिंत गेली आहे. परंतु तटावाचून चालू राहिलेल्या वेशी समाजात पुष्कळ असतात, आणि त्या कोठे आहेत हे त्यांच्या बाहेर उभ्या असलेल्यांनाच प्रथम कळते. या वाङ्मयाच्या मराठी वाचकास ‘वेस’ हा शब्द भेटतो तेव्हा त्याने हे स्मरावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.